तीन मासळ्या, तीन घरं

सान फेर्मीन बेट
११ मार्च १९८४

हिलारिओ,

तुझी चिठ्ठी चेमाच्या होडीतून आली. चिठ्ठी कसली, वाण्याकडे पाठवायचा कागद होता तो. 'कशी आहेस' एवढंसुद्धा नाही. कॉफी, पीठ, काड्यापेट्या हे समजलं, पाठवते आहे. पण रिकामी पोती कशाला? नायलॉनचाच दोर कशाला? आणि पेट्रोल गेल्या खेपेच्या दुप्पट? एल मोरोच्या चौकीवर बसून समुद्राकडे बघायचं, एवढंच तुझं काम. बघायला पेट्रोल लागत नाही.

मी मोठी बहीण आहे म्हणून विचारते. दुसरं कोणी विचारणार नाही, नुसतं लक्षात ठेवील.

इथलं ऐक. परवा समितीची माणसं साकाताल बघायला गेली होती. अबुलोन, आपले ते महागडे शंख, वाढावेत म्हणून दोन वर्षं तो खडक बंद ठेवला, सगळ्यांनी पोटाला चिमटा घेऊन हात आवरला. आणि खाली गेलेला पाणबुड्या वर आला तो मान हलवतच. निम्मेसुद्धा उरले नाहीत म्हणाला. गेल्या साली पाणी तापलं, सार्गासोचं, त्या समुद्री पाल्याचं, अख्खं रान कुजून किनाऱ्याला लागलं, अबुलोनना खायला पाला उरला नाही, हे कोणाला ठाऊक नाही? पण पाण्याला सभेत उभं करून जाब विचारता येत नाही ना. मग चोर हवा. आणि साकातालाच्या सर्वांत जवळ राहतो कोण? एल मोरोचा राखणदार.

तुझं नाव अजून कोणी उघड घेतलेलं नाही. पण मी दुकानात शिरले की बायका बटाट्यांविषयी बोलायला लागतात. राखण समितीचा प्रमुख झाल्यापासून माझा नवरा, फिदेन्सिओही, घरात तोलूनमापून बोलतो. काल जेवताना म्हणाला, "तुझ्या भावाला पेट्रोल फार लागतं." मी म्हटलं, "मोटर जुनी आहे." तो म्हणाला, "हं." त्याचं 'हं' तुला माहीत आहे.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सभा आहे. मच्छीमार संस्थेतून नाव कापलं की घरही जातं, हे तुला मी सांगायला नको. आईबाबांचं घर आहे ते. तुझ्या बायकोला, रोसेन्दाला, आपण इथल्याच मातीत ठेवलं. तिला सोडून तू एन्सेनादाला जाऊन कारखान्यात डबे भरणार का?

रेडिओवर काही बोलू नकोस, सगळं गाव कान लावून असतं. पत्रातच लिही, आणि खरं लिही. साकातालात गेला होतास का?

तीला

*

एल मोरो
२० मार्च

तीला,

कशी आहेस? झालं समाधान?

पोती वाऱ्यासाठी. या खोपटाच्या फटींतून वायव्येचा वारा असा येतो की टोपी डोक्यावर राहत नाही. दोर पोती बांधायला. पेट्रोलचं तूच त्याला सांगितलंस, मोटर जुनी आहे. उत्तर तुझ्याकडे होतं तर मला कशाला विचारलंस?

साकातालात मी गेलेलो नाही. या हंगामात एकदाही नाही. लांबून बघतो, ते माझं कामच आहे. पुरे?

बायकांना बटाट्यांविषयी बोलू दे. फिदेन्सिओला मात्र सांग, मी पाण्याखाली असताना माझी हवेची नळी इतकी वर्षं त्याच्या हातात होती. तेव्हा त्याने कधी विचारलं नाही की हिलारिओ खाली काय करतो. दोराला दोन झटके दिले की ओढायचा. आता खुर्चीवर बसल्यावर त्याला प्रश्न सुचायला लागले.

चेमाबरोबर एक डबा पाठवतो आहे. काळे शिंपले आहेत, सार्गासोच्या पाल्यात ठेवून वर समुद्राचं पाणी घातलंय. शिंपल्यांच्या खाली बघ. ते तुझ्यासाठी आहे. कोणाला दाखवू नकोस, हसतील. काय ते पुढे कधी सांगीन.

हिलारिओ

*

सान फेर्मीन
२ एप्रिल

हिलारिओ,

डबा मिळाला, पण उशिरा. वारा सुटला म्हणून चेमा पलीकडच्या बंदरात अडकून पडला होता. आठवड्याहून जास्त. शिंपले मात्र जिवंत पोचले, त्याचं श्रेय चेमाचं. तुझा सार्गासो बुळबुळीत होऊन वास मारायला लागला म्हणून त्याने तो फेकला आणि धक्क्याच्या दगडांवरचं हिरवं शेवाळ वर-खाली दाबून भरलं, रोज पाणी बदललं. शिंपले रश्श्यात घातले. फिदेन्सिओने दोनदा वाढून घेतले आणि पाठवणाऱ्याचं नाव काढलं नाही.

शिंपल्यांखाली बघ म्हणालास. बघितलं.

बोटाएवढी मासळी. लांबोडकी, टोकदार तोंडाची, शेपटीचा वरचा कोपरा कोणीतरी चावून नेलेला. आणि हिरवी. चेमाच्या शेवाळात ती मला आधी दिसलीसुद्धा नाही, इतकी हिरवी.

बाबा काय म्हणायचे ते विसरलास? आपल्याला होडीत बसवून बोटांवर मोजून दाखवायचे. तांबडी खडकाची, तपकिरी सार्गासोची, हिरवी गवताची. तीन मासळ्या, तीन घरं. जाळ्यात कुठली आली ते बघा, आपण कुठे आहोत ते कळतं. या बेटावर तान्हं पोरसुद्धा हे शिकूनच चालायला लागतं. आणि समुद्राच्या तळाला गवत कुठे आहे? साकातालात. एल मोरोपासून इथपर्यंत दुसरीकडे कुठेही नाही.

मग ती तुझ्या डब्यात काय पायी चालत आली?

मी काही म्हणत नाही. मी फक्त विचारते. तू लिहितोस, गेलो नाही. वर लिहितोस, कोणाला दाखवू नकोस. चोरी केलेला माणूस मला काही पाठवील तर अशाच शब्दांत पाठवील, हे मनात आलं आणि मग दिवसभर गेलं नाही. पोतीही मनात येतात. पोत्यात वारा भरत नाहीत, अबुलोन भरतात.

कोणाला दाखवलेली नाही. मागच्या अंगणात धुण्याच्या पिंपात समुद्राचं पाणी भरून ठेवली आहे. टाकून द्यायला हात होईना आणि खायला तर ती एक घाससुद्धा नाही. काल किनाऱ्यावर सार्गासोची एक फांदी आली होती, लपायला म्हणून ती पिंपात टाकली. वेडी त्या तपकिरी पाल्यात इतकी उठून दिसते की मलाच तिची लाज वाटते.

लवकर लिही. आणि या वेळी वाऱ्यावर ढकलू नकोस.

तीला

*

एल मोरो
१२ एप्रिल

तीला,

माझ्या चौकीवर आता चौकीदार आला आहे. बेन्हामीन, त्या माचादोंचा जावई. गळ्यात दुर्बीण, बगलेत घोंगडी. म्हणाला, "समितीने पाठवलं, काका. तुम्हाला सोबत." मी म्हटलं, "मला सोबत नको." तो म्हणाला, "मलाही नको, पण पाठवलंय." मग दोघांनी कॉफी घेतली. तो समुद्राकडे न बघता माझ्याकडे बघत बसतो. दुर्बिणीतून नाही, एवढी लाज ठेवतो.

काल घेवडा खाता खाता सहज म्हणाला, "काका, इकडे हिरव्या मासळ्या कुठे सापडतात हो?"

तू लिहिलंस, कोणाला दाखवलेली नाही.

असो. ते तुझं तुझ्याजवळ. आता माझं ऐक. मी तुला हिरवी मासळी पाठवलीच नाही. मी पाठवली ती तपकिरी होती. उसाच्या गुळाची ढेप असते ना, त्या रंगाची. शेपटीचा कोपरा गेलेला, बरोबर. हाताने धरून मीच डब्यात सोडली, मला रंग कळत नाही का? हिरवी कुठून आली ते तुमच्याकडे शोधा. एक तर चेमाने बदलली, नाहीतर तुझ्या अंगणात कोणी बदलली. फिदेन्सिओच्या पुतण्याला या वर्षी सभासद व्हायचंय आणि जागा रिकामी नाही, हे मीही ऐकून आहे. संशय काय तुम्हा लोकांनाच घेता येतो?

आता पोत्यांचं सांगतो, कारण तू अबुलोन लिहिलंस आणि ते मला लागलं.

चौकीसमोरच्या खाडीत पूर्वी रान होतं. बाबा तिथे होडी बांधून झोपायचे, पाल्यामुळे लाटच यायची नाही. गेल्या साली सगळं गेलं. तळाला नुसता उघडा दगड, टकलासारखा. पण बाहेर खोल थंड पाण्यात काही रोपं तगली आहेत. मी ती मुळासकट काढून आणतो, पोत्यात वाळू भरतो, रोप पोत्याला बांधतो आणि खाडीत तळाशी ठेवतो. समुद्रात शेती. हस. चाळीसेक मेली. पण काहींनी दगड धरला. मार्चमध्ये एका रोपाची पानं वर पाण्यावर पोचली आणि त्या पानांत ती मासळी होती, शेपूट तुटकी. रान गेल्यापासून इथे पहिलीच. मला वाटलं, तुला दाखवावी.

हे करायला खाली जावं लागतं. आणि इथे नळी धरायला कोणी नाही. कॉम्प्रेसर चालू करतो, नळी तोंडात धरतो आणि जातो. नळी धरणारा वर नसताना जो खाली जाईल त्याचं नाव कापायचं, हा नियम तुला माहीत आहे. एस्तेबान तसाच एकटा खाली गेला आणि मेला, म्हणून तो नियम झाला, आणि हात वर करणाऱ्यांत मीही होतो. म्हणून सभेत मला काही बोलता येणार नाही. गप्प बसलो तर चोर, बोललो तर नियम मोडणारा. दोन्हीकडून घर जातं.

आता बेन्हामीनसमोर खालीही जाता येत नाही. रोपं ढिली झाली असतील.

हिलारिओ

*

सान फेर्मीन
३० एप्रिल

हिलारिओ,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि 'तपकिरी' शब्दाला पोचल्यावर मोठ्याने म्हणाले, "खोटारडा!" माझ्या डोळ्यांनी बघितलेली हिरवी मासळी हा मला तपकिरी म्हणून विकतो. रागाच्या भरात अंगणात गेले, म्हटलं ती पिंपातून काढते आणि चेमाबरोबर तुलाच परत पाठवते, बघ म्हणावं रंग.

पिंपात हिरवी मासळी नव्हती. फांदी हलवली तेव्हा पाल्यातून एक तपकिरी मासळी सरकली. शेपटीचा कोपरा गेलेली.

पहिल्यांदा माझा संशय शेजारच्या कासिल्दावर गेला. तिची मांजर माझ्या अंगणात येते, मग ती का नाही येणार? दुसऱ्यांदा फिदेन्सिओच्या पुतण्यावर. मग मी पिंपाच्या काठावर बसले आणि जरा शहाण्यासारखा विचार केला. मांजर मासळी नेते, बदलून ठेवत नाही. आणि शेपटीचा तोच कोपरा, तेवढाच. मागल्या चार-सहा दिवसांत ती मळकट दिसत होती आणि मी समजले होते की मरायला टेकली.

तीन मासळ्या नाहीत रे, हिलारिओ. एकच आहे. ज्या घरात राहील त्या घराचा रंग घेते. तू तपकिरी पाठवलीस, चेमाच्या हिरव्या शेवाळात ती हिरवी झाली, माझ्या फांदीत पुन्हा तपकिरी. बाबा चुकले. त्यांचे बाबाही चुकले. अख्खं बेट चुकलं.

फिदेन्सिओला हाक मारली. त्याने बराच वेळ पिंपात बघितलं. म्हणाला, "दुसरी आहे." मी म्हटलं, "आणि शेपूट काय मी दातांनी तोडली?" तो म्हणाला, "समिती तेच विचारील." तेही खरं होतं. मी तुझी बहीण, माझं अंगण, माझं पिंप.

मग मीच म्हटलं, माझ्या घरात नको, संशयी लोकांच्या घरात ठेवा. एवारिस्तोकाकांना बोलावलं. बेटावर त्यांच्याएवढा म्हातारा आणि त्यांच्याएवढा अविश्वासू माणूस नाही, ते अजून उसनी दिलेली सुरी परत आली की धार तपासतात. त्यांच्यासमोर तपकिरी मासळी संस्थेच्या कचेरीत एका घंगाळात सोडली, धक्क्यावरचं हिरवं शेवाळ घातलं आणि दाराची किल्ली त्यांनी गळ्यातल्या दोरीला बांधली. रोज स्वतः पाणी बदलायला जात. बाहेर आले की मी विचारी, "काय, एवारिस्तोकाका?" ते म्हणत, "पाणी गार आहे." एवढंच.

काल सभा झाली. तुझा विषय निघाला. पुतण्या पहिल्या रांगेत, केसांना तेल लावून. फिदेन्सिओने तक्रार वाचली, आवाज न बदलता. मग म्हणाला, "पुरावा आणा." म्हातारा घंगाळ घेऊन आला, ते टेबलावर ठेवलं आणि शेवाळ बाजूला केलं.

हिरवी! पोटाशी थोडी मळकट, पण हिरवी.

कोणी तरी ओरडलं, "मग हिरवीच आहे की! साकातालाची!"

म्हातारा म्हणाला, "मी किल्ली लावली तेव्हा तपकिरी होती. किल्ली माझ्या गळ्यात होती. आता माझ्यावर संशय कोणाला घ्यायचाय, त्याने उभं राहावं."

कोणी उभं राहिलं नाही. मग मी उभी राहिले. बायकांना सभेत बोलता येत नाही म्हणतात, पण घंगाळ माझं होतं. मी म्हटलं, "साकातालात चोर शोधताय. चोर पाणी आहे, आणि पाण्याला तुम्ही हात लावू शकत नाही, म्हणून माझ्या भावाला लावताय." फिदेन्सिओने घंटा वाजवली, पण हळूच.

तक्रार रद्द झाली. बेन्हामीनला चेमाच्या पुढच्या खेपेला परत बोलावलंय. घर तुझंच आहे, आज जाऊन खिडक्या उघडून आले.

तुझ्या पोत्यांविषयी मी एक अक्षर बोलले नाही. पण घरी परतताना फिदेन्सिओ आपणहून म्हणाला, "मोटरला एवढं पेट्रोल लागत नाही. कॉम्प्रेसरला लागतं. एकटा खाली जातोय तो, मला काय कळत नाही?" मी विचारलं, "मग सभेत का नाही बोललास?" तो म्हणाला, "मला कोणी विचारलं नाही." त्याच्या मनात काय होतं ते मला या लग्नात अजून पुरतं कळलेलं नाही.

आता शेवटचं. तुला माहीत असेलच, तरी माझ्या हाताने लिहिते. मासळी मीच दाखवली. डबा उघडला त्याच दुपारी, तुला पत्र लिहायच्या आधी. फिदेन्सिओने विचारलंही नव्हतं. मी पिंप दाखवून म्हटलं, "हे बघ, हिलारिओने पाठवलंय." आणि मग तुला लिहिलं, कोणाला दाखवली नाही. का, ते मला सांगता येत नाही. तुझ्यावर संशय आला आणि तो एकटीला पेलला नाही, एवढंच.

एकटा खाली जाऊ नकोस. यापुढे मला शिव्या दे, पत्र लिहू नकोस, पण एकटा जाऊ नकोस.

तीला

*

एल मोरो
८ मे

तीला,

बेन्हामीन निघाला, हे पत्र त्याच्याच हाती देतोय. जाताना त्याने माझं खोपट झाडलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही चोर नाही हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं." मी म्हटलं, "मग कळवलं का नाहीस?" म्हणाला, "माझं कोण ऐकतं?" आपल्या बेटावर प्रत्येकाला सगळं माहीत असतं आणि कोणी विचारलेलं नसतं.

मासळी तू दाखवलीस हे मला त्याने हिरव्या मासळीचं विचारलं तेव्हाच कळलं. शिंपल्यांखाली बघ, हे मी तुला एकटीलाच लिहिलं होतं. दाखवलीस त्याचं मला वाईट वाटत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही दाखवली असती, मीही बाबांचीच मोजणी शिकलोय. पण दाखवली नाही असं लिहिलंस, ते लागलं. ते अजून आहे. जाईल की नाही माहीत नाही, खोटं कशाला लिहू?

खाडीत गेलो नाही, तू सांगितलंस म्हणून. काल ओहोटीला खडकावरून बघितलं. तीन रोपांचे दोर सैल झालेत. एक उलटं पडलंय. या आठवड्यात बांधली नाहीत तर उधाण ती घेऊन जाईल आणि मग ही खाडी पुन्हा टकली.

म्हणून लिहितो. चेमा गुरुवारी इकडे येणार आहे. त्याच्या होडीत तू ये. मासळीही आण, घंगाळासकट. तिच्या घरी सोडू, मग तिला हवा तो रंग घेऊ दे.

आणि माझी नळी धर.

फिदेन्सिओ चांगला धरतो, पण तो आला तर ते समितीचं काम होईल. बायका नळी धरत नाहीत असं लोक म्हणतील. म्हणू दे, बायका सभेतही बोलत नव्हत्या. काम सोपं आहे. कॉम्प्रेसरच्या आवाजाकडे कान ठेवायचा, नळीला पीळ पडू द्यायचा नाही, दोर हातात सैल धरायचा आणि दुसरीकडे बघायचं नाही. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन झटके म्हणजे ओढ. खाली गेलेल्याला वर कोण आहे ते दिसत नसतं. माझा तुझ्यावर पूर्वीसारखा विश्वास आज बसलेला नाही, तीला. तो पत्रं लिहून बसेल असंही वाटत नाही. तू दोर धरून वर बसलीस आणि मी खाली जाऊन परत आलो, असं पाच-पंचवीस वेळा झालं तर कदाचित बसेल.

लोकरीचे हातमोजे आण. दोर ओला असतो आणि हात गारठले की झटका कळत नाही.

हिलारिओ